काळा पाऊस आणि खोट्या नोटा

१९८९ या एकाच वर्षात ‘काळा पाऊस’ याच नावाचे दोन सिनेमे पडद्यावर आले. एक जपानी, शोहेई इमामुराचा, मासुजी इबुसेच्या कादंबरीवरून काढलेला, काळापांढरा, संथ. दुसरा अमेरिकन, रिडली स्कॉटचा ‘ब्लॅक रेन’. मायकल डग्लसला घेऊन केलेला आणि मोटरसायकली, निऑनचे दिवे, धूर न् गोळीबार यांनी खच्चून भरलेला. पहिल्यावर लिहिलं असतं तर कुणी भुवई उंचावली नसती. युद्धात होरपळलेली मुलगी, तिचं मोडलेलं लग्न, हा आपल्या वाचनातला विषय. पण मला लिहायचंय ते दुसऱ्यावर. त्यावर पहिला प्रश्न कोणता येणार तोही ठाऊक आहे. अहो, अणुव्रतं घेतलेल्या बाईने असला मुंडकी उडवणारा पिक्चर बघायचाच कशाला?

दिवस बुडायच्या आत जेवणं उरकली की आपल्या घरांतून संध्याकाळ लांबलचक उरते. त्या वेळात घरोघरी टीव्हीवर काय चालू असतं ते आपण सगळ्याजणी जाणतो. दुधात विष कालवणारी जाऊ चालते, खोट्या मृत्युपत्रावर अंगठा घेणारी सासू चालते, आणि पुढच्या खोलीत आजी जपमाळ ओढत बसलेली असते. त्या मालिकांपेक्षा या सिनेमात पापाचा विचार जास्त गंभीरपणे केलाय, म्हणून मी तो बघितला, आणि पुन्हा बघितला. एक प्रसंग मात्र खरोखर भीषण आहे. तिथे मी मान खाली घातली, तुम्हीही घाला, गोष्ट कळायला काही अडत नाही.

वरवर हा खुनाचा सिनेमा दिसतो. आतून तो चोरीचा आहे.

निक कॉन्क्लिन हा न्यूयॉर्कचा पोलीस. घटस्फोट झालेला, मुलांच्या खर्चाचं ओझं डोक्यावर, पैजा लावून मोटरसायकल पळवणारा. गुन्हेगारांकडून पकडलेल्या पैशातले पैसे त्याने खाल्ले असा संशय आहे आणि खात्याची चौकशी मागे लागलेली आहे. त्याचा जोडीदार चार्ली (अँडी गार्सिया) नीटनेटका, हसरा, निकला वडीलभावासारखा मानणारा. दोघं हॉटेलात बसलेले असताना सातो नावाचा जपानी गुंड आत येतो, याकूझाच्याच माणसांना सगळ्यांदेखत ठार करतो, एक लहानसं पुडकं उचलतो आणि निघून जातो. पाठलाग होतो, सातो सापडतो. मग वरून हुकूम येतो, याला ओसाकाला पोचवून या.

विमान ओसाकाला उतरतं. पोलिसांच्या वेशातली माणसं आत येतात, जपानी भाषेतला कागद पुढे करतात. निक सही करतो आणि सातोला त्यांच्या हवाली करतो. ती माणसं गेली की खरे पोलीस येतात.

हा प्रसंग बघताना बाकीचे प्रेक्षक हसत असतील. आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या बाया हसणार नाहीत. जमिनीचा उतारा असो की बँकेचा कागद, न वाचता येणाऱ्या लिपीखाली सही करायची पाळी आमच्याकडे कितीतरी घरांत येऊन गेलेली आहे. पण आमची बाई काय करते? कन्नड शाळेत जाणारा शेजारचा पोरगा शोधून आणते, त्याच्या हातावर लाडू ठेवते आणि कागद वाचून घेते. निकला विचारावंसंच वाटत नाही. आपण न्यूयॉर्कहून आलोय, समोरचा गणवेशात आहे, एवढं त्याला पुरतं. आपल्याकडे चार कषाय सांगितलेत, त्यांतला मान हा कषाय माणसाला किती सहज फसवतो, ते रिडली स्कॉटने एका सहीत दाखवलंय. आणि ते कुठल्याही भाषणाशिवाय.

पुढे ओसाकाचे पोलीस या दोघांची पिस्तुलं काढून घेतात. परदेशी पोलिसाला इथे अधिकार नाही, फक्त बघा, म्हणतात. सोबतीला मात्सुमोतो नावाचा एक मधल्या वयाचा अधिकारी देतात. केन ताकाकुरा या नटाने तो केलाय. जपानी प्रेक्षकांनी या माणसाला १९६० च्या दशकापासून गुंडांच्याच भूमिकांत डोक्यावर घेतलं होतं, ‘अबाशिरी तुरुंग’ ही त्याची सिनेमामालिका प्रचंड चाललेली. त्यालाच इथे सगळ्यांत सरळ पोलीस केलंय. त्याची चाल बघा, ताठ आणि थोडी अवघडलेली. फार कमी बोलतो, आणि बोलला की समोरचा चिडतो.

एका छाप्यात शंभर-शंभर डॉलरच्या नोटा सापडतात. निक त्यातल्या थोड्या खिशात सारतो. मात्सुमोतो ते बघतो आणि आपल्या साहेबांना सांगून टाकतो. निक खवळतो, सगळ्यांसमोर नोट पेटवून दाखवतो की ही खोटी आहे. म्हणजे पुराव्यासाठी घेतली होती? तो तसं दाखवतो खरा. पण नोट खिशात टाकताना त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं, ते सिनेमा उघड करत नाही, आणि मला ही गोष्ट आवडली. सवयीचा हात आणि कामाचा हात बाहेरून एकसारखाच दिसतो.

चातुर्मासात स्वाध्यायाला बसणाऱ्या बायकांना अचौर्य अणुव्रताचे अतिचार पाठ असतात. तत्त्वार्थसूत्रात ते पाच आहेत. मी लहानपणी ते नुसते घोकले होते, अर्थ नंतर कळला. दुसऱ्याला चोरीला लावणं हा एक अतिचार. चोरीचा माल घेणं, तदाहृतादान, हा दुसरा. मापात मारणं आहे. राज्याचा नियम ओलांडून देवघेव करणं आहे. आणि शेवटी आहे प्रतिरूपकव्यवहार. खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू चालवणं. जुन्या टीकाकारांनी बनावट सोन्यानाण्याचा दाखला तिथेच दिलाय. तुपात डालडा मिसळणाऱ्या वाण्यापासून नोटा छापणाऱ्या टोळीपर्यंत सगळे त्या एका शब्दात बसतात. हा सिनेमा बघताना मला सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्यांनी ही यादी समोर ठेवूनच कथा रचली की काय! तसं नाही अर्थात. पण सातोने न्यूयॉर्कच्या हॉटेलातून उचललेल्या त्या पुडक्यात डॉलर छापायची प्लेट असते. जोडीची दुसरी प्लेट सुगाई या जुन्या म्होरक्याकडे असते. सगळं रक्त सांडतं ते या दोन धातूच्या तुकड्यांसाठी.

सगळ्यांत चांगला प्रसंग मारामारीचा नाहीच. चार्ली तोवर मेलेला आहे. निक आणि मात्सुमोतो रात्रभर पाळत ठेवून सकाळी एका गाडीपाशी नूडल्स खात असतात. मात्सुमोतो खाली बघत विचारतो, तुझ्यावर चोरीचा आळ आहे असं चार्ली म्हणाला होता, खरं का? निक आधी उडवाउडवी करतो. न्यूयॉर्कमध्ये काळं-पांढरं असं काही नसतं, सगळं करडंच असतं, म्हणतो. मात्सुमोतो म्हणतो की चोरी ती चोरी. आणि मग, शेवटी, निक सांगतो की हो, घेतले पैसे. घर मोडलेलं, मुलं होती, बिलं होती. त्याचा अभिमान नाही, एवढं म्हणतो आणि थांबतो. मात्सुमोतो त्याला माफ करत नाही. धीरही देत नाही. यात तू चार्लीचा, तुझा आणि माझाही कमीपणा केलास, असं म्हणतो.

‘माझाही’! हा शब्द ऐकून मी पिक्चर थांबवला. आपण ज्याला आलोचना म्हणतो ती हीच की. गुरूसमोर बसायचं, दोष जसा घडला तसा सांगायचा, कारणांची शेपटं न लावता. निक शेपटं लावतोच, पण सांगतो. आणि ऐकणारा ‘जाऊ दे, होतं असं’ म्हणत नाही. आपल्याकडे हल्ली क्षमावाणीचा मेसेज मोबाईलवर एका बोटाने दोनशे जणांना जातो, त्यात ज्याचं खरोखर देणं आहे तोही एक असतो, आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र येतं. त्यापेक्षा नूडल्सच्या गाडीवरची ही दोन माणसं मला धर्माच्या जास्त जवळची वाटली.

याच्या समोर सातोचा प्रसंग ठेवा. टोळ्यांच्या म्होरक्यांची बैठक भरलेली आहे. सातो नम्र होऊन बसतो आणि चूक कबूल केल्याची खूण म्हणून स्वतःच्या करंगळीचं पेर कापतो. याकूझांची ही रीतच आहे, चुकलेल्याने बोट कापून म्होरक्याला द्यायचं. पुढच्याच क्षणी कळतं की सगळं नाटक होतं. द्रव्यप्रतिक्रमण आणि भावप्रतिक्रमण यांतला फरक शिकवताना आमच्या पंडितजींना दर वेळी उदाहरणाची पंचाईत पडते. त्यांना हे उदाहरण सुचवायची माझी काही हिंमत नाही, पण बसतं मात्र चपखल. रक्त खरं आहे, बोट खरं आहे, पश्चात्ताप तेवढा खोटा. तोही एक प्रतिरूपकच.

सातो युसाकु मात्सुदाने केलाय. त्याचे डोळे, ते दबकं हसू, विसरता येत नाही. या भूमिकेच्या वेळी त्याला कॅन्सर झालेला होता, आणि तो त्याने दिग्दर्शकाला कळू दिला नाही. सिनेमा अमेरिकेत सप्टेंबरमध्ये लागला, नोव्हेंबरमध्ये तो गेला. शेवटी पडद्यावर त्याच्या स्मृतीला अर्पण केल्याची ओळ येते. सगळा वेळ ज्याचा राग राग केला त्या माणसाचं नाव असं समोर आलं की पोटात काहीतरी हलतं.

आता हिंसेबद्दल. गृहस्थाला हिंसेचे चार प्रकार शिकवले जातात. स्वयंपाकपाण्यात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी, आक्रमण करणाऱ्याला अडवताना होते ती विरोधी, आणि ठरवून, मारायचं म्हणून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला संकल्पी टाळता आलीच पाहिजे, बाकीच्यांत विवेक ठेवायचा. पोलिसाचं काम विरोधीत येतं, त्याला शस्त्र उचलावंच लागतं. निकचं अडतं ते इथे. चार्लीला त्याच्या डोळ्यांदेखत, लोखंडी जाळीपलीकडे, मारलं जातं. (मान खाली घाला म्हटलं तो हाच प्रसंग. मोटरसायकलवाला चार्लीचा कोट पळवतो, आत पासपोर्ट असतो म्हणून चार्ली मागे धावतो, आणि सापळ्यात सापडतो. त्याआधी जरा वेळ त्याने मात्सुमोतोला ओढून मंचावर नेऊन रे चार्ल्सचं गाणं म्हणवलेलं असतं, म्हणून तर जास्त लागतं.) तिथून पुढे निक पोलीस उरतो की सूड घेणारा होतो, हा सिनेमाचा खरा पेच आहे. शेवटी चिखलात सातो त्याच्या हाताखाली येतो. एक टोकदार खुंट जमिनीतून वर आलेला आहे, जोर लावला की संपलं. आणि तिथेच दृश्य तुटतं. नंतर दिसतं ते असं की निक आणि मात्सुमोतो सातोला बेड्या घालून ओसाकाच्या पोलीस मुख्यालयात चालवत आणतात, जिवंत.

काहीजणांना हे फसवल्यासारखं वाटतं. मला वाटलं की दिग्दर्शकाने एक मोठी संधी घालवली. हात मागे घेतला तो क्षण दाखवायला हवा होता. मारणं दोन तास दाखवता, न मारणं दोन सेकंद दाखवत नाही? संयमाला कॅमेरा मिळत नाही ही फक्त या सिनेमाची खोड नाही, पण याच्यात ती जास्त खुपते, कारण सगळी गोष्ट तिथेच येऊन थांबलेली असते.

माझी दुसरी तक्रार याहून मोठी आहे, आणि ती त्या नावाशी निगडित आहे. ‘काळा पाऊस’ म्हणजे काय ते सुगाई सांगतो. तोमिसाबुरो वाकायामा या थोराड नटाने हा म्होरक्या केलाय. निक त्याला भेटायला जातो तेव्हा तो सांगतो की आपण दहा वर्षांचे होतो, बी-२९ विमानं आली, घरचे सगळे जमिनीखाली लपले, तीन दिवसांनी वर आले तर शहर नव्हतं, आणि मग पाऊस आला तो काळा. तो पाऊस तुम्ही केलात, तुमच्या चालीरीती आमच्या घशात कोंबल्यात, आम्ही कोण ते विसरलो, हे सातोसारखे तुम्हीच जन्माला घातलेत. म्हणून मी तुमचेच डॉलर छापून फेडतोय, असा त्याचा हिशेब.

हे वैर आपल्याला परकं नाही. पार्श्वनाथांच्या पुराणातला कमठ भवामागून भव त्याच एका वैराची गाठोडी उचलून हिंडतो. सुगाई तसाच आहे. फक्त कमठावर मुळात अन्याय झालेला नव्हता, सुगाईवर झालाय, आणि तो खरा आहे. १९४५ च्या मार्चमध्ये ओसाकावर आगीचे बाँब पडले, शहराचा मोठा भाग जळाला, हा इतिहास आहे. पण सिनेमा करतो काय, तर हा खरा आरोप खोट्या नोटा छापणाऱ्या माणसाच्या तोंडी देतो. एक मिनिट आपण गप्प होतो, पुढच्या गोळीबारात विसरून जातो. म्हणजे अमेरिकेला ऐकवलं असंही झालं, आणि ऐकवणारा गुंड होता म्हणून मनावर घ्यायचं कारणही उरलं नाही. ज्या महिन्यात हा सिनेमा लागला त्याच महिन्यात सोनी कंपनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घ्यायचं जाहीर केलं. जपान आपल्याला गिळणार अशी धास्ती तेव्हा अमेरिकेत होती. ती या सिनेमाच्या ओसाकातही आहे. सगळीकडे वाफ, काजळी, दोतोनबोरीच्या झगमगत्या पाट्यांखाली न ओळखू येणारी गर्दी. ‘ब्लेड रनर’मध्ये रिडली स्कॉटने असंच शहर उभं केलं होतं, पण ते त्याच्या कल्पनेतलं होतं. हे माणसं राहतात ते आहे. तिथे सकाळी मुलं शाळेला जातात, म्हाताऱ्या भाजी घेतात. ते कुठाय? शेवटची झटापट तर जपानमध्ये घेतलेलीच नाही, कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात घेतली. बघताना कळत नाही, हे छायाचित्रकार यान द बाँत याचं कौशल्य. कळल्यावर थोडं हसू येतं.

आणि बायका? एक जॉइस आहे, शिकागोहून येऊन ओसाकाच्या क्लबात काम करणारी. दोन्ही भाषा येणारी, दोन्ही बाजू कळणारी तीच एक. सुगाई कोण, सातो कोण, हे निकला तीच समजावते. एवढी शहाणी बाई लिहिली आणि तिला दिलं काय, तर दारू ओतायचं काम आणि शेवटी निरोपाचं चुंबन. दुसरी सातोची मैत्रीण. तिच्या मागावर राहून पोलीस सातोपर्यंत पोचतात, ती कोण, तिचं काय झालं, कुणी विचारत नाही. तोंड उघडून मनातलं चार वाक्यं सांगणारी एकही जपानी बाई या सिनेमात नाही.

ती दुसऱ्या ‘काळ्या पावसात’ आहे. इमामुराची यासुको हिरोशिमापासून दूर होती, बाँब पडला तेव्हा शहरात नव्हती. पण नावेतून जाताना तिच्यावर काळा पाऊस पडला. पाच वर्षांनी काका-काकू तिला स्थळं बघतायत, आणि प्रत्येक स्थळ मोडतंय, कारण गावात कुजबूज आहे. काका डॉक्टरचा दाखला आणतो, डायऱ्या उतरून काढतो, पोरगी निरोगी आहे हे सिद्ध करायला. दाखला दाखवला की संशय उलट वाढतो! आपल्यापैकी जिने कुणी बहिणीच्या किंवा लेकीच्या अंगावरचा कोडाचा डाग, लहानपणचं एखादं फीट, पत्रिका देताना लपवायचं की सांगायचं यावर रात्र काढली असेल, तिला या काकाच्या चेहऱ्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. सुगाईच्या तोंडच्या त्या एका मिनिटाचा उरलेला भाग इथे आहे. माझं म्हणणं, दोन्ही बघा. आधी अमेरिकन, मग जपानी. उलट क्रमाने बघितलंत तर पहिला बघवणार नाही.

तरीही मी रिडली स्कॉटच्या सिनेमाला टाकाऊ म्हणणार नाही, आणि त्याचं कारण मात्सुमोतो. परदेशात गेलेल्या पोलिसाच्या सिनेमात तिथला पोलीस बहुधा वाटाड्या असतो किंवा विनोदी तरी असतो. इथे तोच मोजमाप आहे, आणि पाहुणा त्याच्यासमोर मापात कमी भरतो. नियमाबाहेर जाऊन निकला साथ दिली म्हणून मात्सुमोतोची नोकरी धोक्यात येते. त्या लाजेने तो आधी पुढची मदत नाकारतो, मग येतो. चार्लीकडून तो गाणं म्हणायला शिकला, निककडून वेळ पडली तर हुकूम मोडायला. निक त्याच्याकडून काय शिकला, हे शेवटच्या प्रसंगात आहे, आणि तिथे मी आणि माझी धाकटी जाऊ, आमचं एकमत होत नाही.

विमानतळावर निक त्याला एक भेटीची पेटी देतो. वर सदरा, खाली नोटा छापायच्या त्या प्लेटा. मात्सुमोतो उघडतो, चकित होतो, हसतो. निक तोवर लांब गेलेला. जाऊबाई म्हणतात, बघा, सुधारला, लाखो डॉलर छापता आले असते ते सोडून गेला. मला ते इतकं सोपं वाटत नाही. प्लेटा सरकारी पुरावा होत्या, त्या इतके दिवस त्याने दडवल्या, आणि आता मित्राच्या हातात चोरीचा माल ठेवला. तदाहृतादानाचा अतिचार त्याने मात्सुमोतोच्या वाट्याला ढकलला, तोही भेट म्हणून, कागदात बांधून. पण जाऊबाईंचंही अगदी खोटं नाही. ज्याच्या हातून वस्तू सुटत नव्हती त्याच्या हातून ती सुटली, आणि सुटली ती अशा एकाच माणसाकडे, की जो ती ठेवून घेणार नाही याची निकला खात्री आहे.

मात्सुमोतो पुढे काय करतो ते दाखवलेलं नाही. माझ्या हिशेबाने तो सदरा घरी नेतो, प्लेटा दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवतो, आणि पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही.